माद्रिदला गेलात तर एक दिवस अल्कालाला द्याच

सांगलीतनं कोण माद्रिदला पोराकडं नाहीतर कंपनीच्या कामाला निघालं की जो तो तोलेदोच सांगतो. तोलेदो भारीच आहे, पण गर्दी लई. त्यापेक्षा माद्रिदजवळचं अल्काला दे एनारेस हे जुनं गाव बघा. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरनं लोकल धरायची, पाऊण तासाच्या आत पोचता. फक्त सोमवार टाळा, ‘डॉन किहोते’ लिहिणाऱ्या सर्वांतेसचं घर बंद असतं.

स्टेशनवरनं चालतच गावात जा. काय्ये मायोर नावाचा जुना बाजाररस्ता आहे, दोन्ही बाजूला खांब आणि वर छप्पर, त्यामुळं दुपारचं ऊन लागत नाही. सर्वांतेसचं घर तिथंच, तिकीट नाही. पण मूळ वास्तू समजून फार भावूक होऊ नका, बरंचसं 1950 च्या दशकात नव्यानं उभं केलेलं आहे. त्याचा बाप्तिस्मा 9 ऑक्टोबर 1547 ला ह्याच गावात झाला, हे मात्र पक्कं.

जास्त वेळ युनिव्हर्सिटीला ठेवा. 1499 ला कार्डिनल (चर्चचा बडा धर्मगुरू) सिस्नेरोसनं काढली, 1836 ला सरकारनं उचलून माद्रिदला नेली, मग रिकाम्या इमारती खाजगी माणसाच्या हातात गेल्या आणि तो पाडापाडी करायला लागला, तेव्हा गावकरी भडकले आणि आपण साखर कारखान्याला शेअर काढतो तसे त्यांनी शंभर शंभर रियालचे (तेव्हाचं स्पॅनिश नाणं) 900 शेअर काढून 1851 च्या सुमारास इमारती विकतच घेतल्या! ती सोसायटी अजून आहे, मालकी तिचीच. युनिव्हर्सिटी 1977 ला परत आली. म्हणून दर्शनी भिंत बाहेरनं बघून फोटो काढून पळू नका, गाइडची टूर घ्या म्हणजे आतलं सभागृहही बघायला मिळतं. तिथं दर 23 एप्रिलला स्पेनचा राजा साहित्याचा सर्वांतेस पुरस्कार देतो, त्या दिवशी आत सोडतील ही आशा ठेवू नका.

वसंतात गेलात तर मान वर करून चाला, घंटाघरांवर करकोच्यांची मोठमोठी घरटी असतात.

बारमध्ये ड्रिंकसोबत खायला फुकट देतात, शाकाहारी असाल तर आधीच ‘सिन कार्ने, सिन हामोन’ (मांस नको, हॅम नको) म्हणा, नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर हॅम येऊ शकतं. खरेदी करायची तर युनिव्हर्सिटीजवळच्या सान दिएगो मठात साखरेत घोळवलेले बदाम मिळतात. लाकडी फिरत्या कप्प्यात पैसे ठेवायचे, कप्पा फिरतो, पाकीट येतं, आतली नन दिसतच नाही. सुट्टे युरो जवळ ठेवा आणि घरच्यांसाठी जादाच घ्या, परतीच्या लोकलमध्येच एक पाकीट संपतं.