टोस्टर घ्यायचाय? बटणं नंतर बघा, आधी ब्रेड मोजा

टोस्टर घेताना बहुतेक जण रंग बघतात, बटणं मोजतात आणि स्टीलची चकचकीत बॉडी दिसली की लगेच पसंत करून टाकतात. पण टोस्टरचं खरं काम एवढंच की स्लाइस दोन्ही बाजूंनी सारखी भाजली पाहिजे आणि रोज तशीच भाजली पाहिजे, आणि नेमकं हे बॉक्सवर वाचून कळत नाही, तपासूनच बघावं लागतं.

सगळ्यात आधी घरी जो ब्रेड येतो त्याची स्लाइस पट्टीने मोजा, लांबी उंची जाडी सगळं. स्लॉट आखूड असेल तर स्लाइसचा वरचा भाग बाहेर राहतो आणि तो कायम पांढराच, मग लोक स्लाइस उलटी करून परत घालतात आणि मधला पट्टा करपतो. जाड कापलेला ब्रेड किंवा बन खाणारे असाल तर रुंद स्लॉटच घ्या.

दुकानात टोस्टर हातात मिळाला तर वरून आत डोकवा. आत अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर निक्रोमची वायर गुंडाळलेली दिसेल, निक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू, तो लालबुंद होतो आणि त्याच्या धगीने ब्रेड भाजतो. वायर दोन्ही भिंतींवर नीट ताणलेली हवी, कुठे सैल लोंबकळत असेल तर तो पीस सोडून द्या. आता लिव्हर खाली दाबा आणि आतल्या जाळ्या बघा, त्या दोन्हीकडून सारख्या जवळ येऊन स्लाइसला बरोब्बर मधे धरतात का? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण स्लाइस एका बाजूला कलली की ती बाजू काळी आणि दुसरी कच्ची. फक्त प्लग न लावता लिव्हर खाली टिकत नाही म्हणून टोस्टर बिघडलाय असं समजू नका, बऱ्याच टोस्टरमध्ये लिव्हर इलेक्ट्रोमॅग्नेट धरून ठेवतो, त्याला वीज लागते, तोवर बोटाने दाबून धरा.

वॅटचं म्हणाल तर दोन स्लाइसचे टोस्टर साधारण 700 ते 1000 वॅटचे असतात. ब्रेडचा पृष्ठभाग आधी सुकतो, मग साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे तो खरपूस तपकिरी व्हायला लागतो. धग कमी पडली तर तिथवर पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आतला ओलावा पण उडून जातो, मग टोस्ट कडक होतो. बाहेर कुरकुरीत आणि आत मऊ आवडत असेल तर कमी वॅटचा घेऊ नका. चार स्लाइसचा टोस्टर मात्र घरात तेवढे खाणारे असतील तरच, उगीच ओटा अडतो.

फंक्शनमध्ये कॅन्सल हवंच हवं. ब्रेड फ्रीझरमध्ये ठेवत असाल तर डिफ्रॉस्ट कामाचं, बाकीची बटणं नसली तरी काही अडत नाही. लिव्हर वर ढकलून स्लाइस जास्त उचलता येते का तेही बघा, छोटी स्लाइस आत अडकली की हात चमच्याकडे जातो आणि ते फार धोक्याचं आहे, वायर उघडी असते, लिव्हर वर असला तरी काही टोस्टरमध्ये तिच्यात करंट असू शकतो. प्लग काढा, थंड होऊ द्या, मगच काय ते करा. खालचा क्रम्ब ट्रे सहज सरकून बाहेर येणारा हवा, साठलेला चुरा जळून धूर होतो, कधी आगही लागते.

चीज किंवा बटर लावून भाजायचं असेल तर असा पॉप-अप (भाजलेली स्लाइस वर उचलणारा) टोस्टर घेऊच नका, वितळून खाली वायरवर गळतं, त्यासाठी ओव्हन टोस्टर बघा.

घरी आणल्यावर आधी खिडकी उघडून दोनदा रिकामाच चालवा, नवा वास जाऊ दे. मग साधा पांढरा ब्रेड घ्या, डायल मधल्या आकड्यावर ठेवा (ते आकडे बहुतेक वेळा मिनिटं नसतात, नुसती लेव्हल असते) आणि लागोपाठ तीन घाणे काढून स्लाइस ओळीने मांडा, उलटून दुसरी बाजूही बघा. तापलेल्या टोस्टरमध्ये पुढचा घाणा थोडा गडद येणं चालेल, पण पहिला फिका आणि तिसरा करपलेला येत असेल किंवा एकाच स्लाइसवर पांढरे काळे पट्टे दिसत असतील तर परत करायची मुदत आहे तोवर बदलून घ्या.