खान्देशातून रॉस बेटावरच्या हरणांना भेटायला जाताना

अंदमानातल्या रॉस बेटाचं नाव २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालंय, बोटवाले मात्र अजून रॉसच म्हणतात. इंग्रजांनी आणून सोडलेल्या चितळांची पिलावळ इथल्या पडक्या बंगल्यांतून मोकळी हिंडते. मोर, ससेही दिसतात.

आधी तारीख ठरवा. बेट बुधवारी बंद असतं. दिवाळीच्या सुटीत तिकडे पाऊस आणि वादळी हवा असू शकते, समुद्र खवळला की बोटी थांबतात. मेच्या उत्तरार्धात मान्सून पोचतो. त्यामुळे परीक्षा आटोपल्या की लगेच निघालेलं बरं.

नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळहून नवजीवन एक्स्प्रेस थेट चेन्नईला जाते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जळगावपासून साधारण एक दिवसाचा प्रवास, तेव्हा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. गाडी पोचते त्याच दिवसाचं अंदमानचं विमान काढू नका. गाडी लेट झाली तर सगळ्या घराची तिकिटं बुडतात. एक रात्र चेन्नईत काढा. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत असली तर तपासणीत अडू शकते, आणि सुकं खोबरं तेलामुळे पेट घेतं म्हणून विमानात चालत नाही. पोरांचीही आधार कार्डं सोबत असू द्या.

पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) अ‍ॅबर्डीन जेट्टीवरून बोट मिळते, पंधरा-वीस मिनिटांत बेट. नॉर्थ बे या दुसऱ्या पर्यटनस्थळासोबतचं एकत्र तिकीट स्वस्त वाटतं, पण त्यात रॉसला वेळ थोडा उरतो. हरणं बघायची तर फक्त रॉसचं काढा, तेही सकाळच्या पहिल्या बोटीचं. दुपारी चितळं सावलीत बसून रवंथ करतात.

उतरण्याआधी पोरांचे खिसे रिकामे करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. पिशवी खुळखुळली की चितळ थेट हातापर्यंत येतं, ओलं नाक पिशवीत घालतं आणि बिस्किटासोबत प्लास्टिकही चावतं. ते पोटात अडकून जनावर मरतं. नुसती बिस्किटं, पाव यांनीही रवंथ करणाऱ्या पोटात आम्ल वाढतं. शिंगवाल्या नराला चारी बाजूंनी घेरू नका, पाडसाला हात लावू नका. चितळाने पुढचा पाय जमिनीवर आपटला तर ते बिथरलंय. पोराला मागे घ्या.

बेटावर मुक्कामाची सोय नाही. परतीची बोट कोणती, किती वाजता, हे उतरतानाच विचारून घ्या.