उपचार सुरू आहेत, तरी फरक पडत नाही? एडीएचडीच्या बाबतीत या चुका टाळा

निदान झालं, डॉक्टरांनी गोळी दिली, समुपदेशनाची काही सत्रंही झाली, तरी घरात रोज संध्याकाळी तीच रडारड. अशा वेळी पालक मुलाला तरी दोष देतात, नाहीतर औषधाला. अनेकदा अडचण तिसरीकडेच असते. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं, चुळबुळ आणि उतावळेपणा आवरणं जड जाणारा विकार, असलेल्या मुलाला काय करायचं ते ठाऊक असतं, पण नेमक्या त्या क्षणी ते हातून होत नाही. कळतं पण वळत नाही. म्हणून मदतही त्या क्षणीच लागते, नंतरच्या उपदेशाने काही साधत नाही.

"गेम खेळताना तासभर हलत नाही, मग लक्ष नाही कसं म्हणता?"

गेममध्ये दर काही सेकंदांनी नवं काहीतरी घडतं आणि बक्षीसही तिथल्या तिथे मिळतं. गणिताच्या वहीत असं काहीच घडत नाही. या मुलांना लक्ष हवं तिथे वळवणं आणि टिकवणं जड जातं. त्यामुळे "नव्वद टक्के आण, सायकल घेऊ" हे आमिष फुकट जातं, कारण निकालाचा दिवस फार लांब असतो. त्यापेक्षा पाच गणितं झाली की लगेच शाबासकी द्या, वहीत एक ठिपका काढा आणि त्याच संध्याकाळी ठिपक्यांच्या बदल्यात थोडा जास्त खेळ द्या. काही आठवड्यांत याचाही कंटाळा येईल. तेव्हा "हेही चालत नाही" म्हणून सोडू नका, बक्षीस बदला.

"दप्तर भर, बाटली घे, बूट घाल आणि जाताना आजीला सांग" यातलं जेमतेम पहिलं वाक्य पोहोचतं. जवळ जा, नजरेला नजर द्या, एका वेळी एकच काम सांगा. आणि शिक्षा म्हणून मैदानावरचा खेळ कधीच बंद करू नका. या मुलांना त्याची इतरांपेक्षा जास्त गरज असते.

औषधाच्या चुका

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या नेहमीच्या औषधाची साधी गोळी साधारण अर्ध्या-पाऊण तासात काम करू लागते आणि तीन-चार तासांत तिचा परिणाम ओसरतो. सकाळी आठला दिलेली गोळी संध्याकाळच्या गृहपाठाला कशी पुरणार? दुपारी परिणाम उतरताना काही मुलं जास्तच चिडचिडी होतात. हे डॉक्टरांना वेळेसकट सांगा. मात्रेची वेळ बदलता येते किंवा दीर्घकाळ चालणारा प्रकार देता येतो.

ॲटोमोक्सेटिन या एडीएचडीवरच्याच दुसऱ्या औषधाचं वेगळं आहे. ते रोज घ्यावं लागतं आणि पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठवडाभर देऊन "उपयोग नाही" म्हणत बंद करणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

भूक मंदावत असेल तर गोळी नाश्त्यानंतर देता येईल का, ते विचारा आणि रात्रीचं जेवण पोटभर द्या. उंची, वजन, नाडी, रक्तदाब यांची नोंद ठेवून घ्या. घराण्यात हृदयविकार किंवा कमी वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर औषध सुरू होण्याआधीच सांगा. मूल गप्प-गप्प, हरवल्यासारखं झालं तर त्याला "शांत झाला" म्हणून समाधान मानू नका. मात्रा जास्त होत असण्याची शक्यता आहे. स्वतःच्या मनाने मात्रा मात्र बदलू नका. सहा वर्षांखालच्या मुलांत तर आधी पालक-प्रशिक्षण, औषध नंतर.

निदानातच काही निसटलंय का?

एडीएचडी दाखवणारी रक्ततपासणी किंवा मेंदूचा स्कॅन नाही. लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसणारी हवीत. म्हणून वर्गशिक्षकांचं म्हणणं न ऐकता केलेलं निदान मला अपुरं वाटतं. ऐकू येणं, नजर, झोप आधी तपासा. वाचन-लेखनाची अडचण सोबत असेल तर तिचं मूल्यमापन वेगळं करून घ्या, कारण गोळी अक्षरं शिकवत नाही. खिडकीबाहेर पाहत शांत बसणाऱ्या मुली तर वर्षानुवर्षं राहूनच जातात. त्या कुणाला त्रास देत नाहीत, एवढंच त्याचं कारण.

मोठ्यांचं काय?

दोन रील पाहून स्वतःला एडीएचडी ठरवणं चूक, आणि "हे लहान मुलांचं असतं" म्हणून झटकणंही चूकच. जुनी प्रगतीपुस्तकं शोधा. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" असे शेरे इयत्तेमागून इयत्ता असतील, तर ती मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. नैराश्य, थायरॉइड किंवा झोपेचा विकारही असंच चित्र दाखवू शकतो.

एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ठिपक्यांचा तक्ता रोज भरणं, गोळीची वेळ पाळणं ज्या आई किंवा बाबांकडून होत नाही, त्यांना आळशी ठरवण्याआधी त्यांचीही तपासणी करून घ्या. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.