बीपी-शुगरच्या शिबिराला लोक येत नाहीत? या चुका टाळा

गावात तपासणी शिबिर लावलं, स्पीकर फिरवला, ग्रुपवर मेसेज टाकला, आणि आले ते नेहमीचेच. मग आपण म्हणून मोकळे होतो, "लोकांना आरोग्याची किंमतच नाही." सांगली-साताऱ्याकडच्या आशाताई, आरोग्यसेवक, महिला मंडळाच्या बायका यांच्या तोंडी हे वाक्य मी फार ऐकतो. आपल्या कामातली सगळ्यात महागडी चूक हीच, कारण असं म्हटलं की पुढचं शोधायचंच राहून जातं.

अमेरिकेत १९५०च्या दशकात हाच प्रश्न पडला होता. टीबीसाठी छातीचा एक्स-रे फुकट काढायच्या गाड्या दारापर्यंत जात, तरी बरेच लोक यायचे नाहीत. हॉकबाम, रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं कारण शोधलं, त्यातून 'हेल्थ बिलीफ मॉडेल' उभं राहिलं. त्याचं म्हणणं असं, की माणूस मनात काही गोष्टी तोलतो : हा आजार मला होईल का? झालाच तर किती नुकसान? सांगताय ते केल्यानं फायदा काय? आणि करायला आडवं काय येतंय? शिवाय कुणीतरी, कशानं तरी ऐन वेळी आठवण करून द्यावी लागते. "हे माझ्याच्यानं होईल" हा विश्वास १९८८ मध्ये त्यात जोडला गेला. ती कल्पना मूळची मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांची.

नुसतं घाबरवणं

मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणाऱ्या बाईसमोर तोंडाच्या कॅन्सरचा फोटो धरला की ती मान फिरवते आणि म्हणते, "आमच्या आजीनं मरेपर्यंत लावली, तिला काय झालं?" हा अडाणीपणा नाही. संवादाच्या अभ्यासक किम विट यांनी १९९२ मध्ये याची नीट मांडणी केली : धोका मोठा दिसला पण सुटकेची वाट दिसली नाही, तर माणूस धोक्याला सोडून आपल्या भीतीलाच आवरायला लागतो. मिश्री सकाळी पोट साफ व्हायला लागते, दाढेची कळ थांबवायला लागते, असं त्या बायका सांगतात. मग आधी दाढेचा आणि पोटाचा इलाज सांगा. फोटो नंतर दाखवा, आणि दाखवाल तेव्हा सोडायचं कसं हेही त्याच बैठकीत सांगा.

अडचण न विचारता उपदेश

हेल्थ बिलीफ मॉडेलवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा १९८४ मध्ये जॅन्झ आणि बेकर यांनी घेतला. त्यात वागण्याशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते अडथळ्यांचं. आपण मात्र सगळा जोर आजार किती वाईट यावर लावतो.

पलूसकडच्या एका काकींनी बीपीची गोळी बंद केली होती. कार्डावर दोन महिने कोरे. आशाताईनं आधी स्ट्रोकचं सांगून पाहिलं, काकी नुसत्या हूं हूं करत राहिल्या. मग तिनं सरळ विचारलं, "काकी, गोळी घेतल्यावर त्रास काय होतो?" तेव्हा उत्तर आलं : "अगं पोरी, ती गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतंय. भांगलणीला पंधरा माणसं रानात, आडोसा कुठं हाय?" बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, हे खरंच आहे. इथं स्ट्रोकवरचं भाषण काय कामाचं? गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना ही अडचण सांगा, वेळ किंवा गोळी बदलता येते का विचारा, एवढं त्यांना हवं होतं. ही गोष्ट पुरुष कर्मचाऱ्याला कुणी सांगितली नसती, हेही लक्षात ठेवा.

हजेरी बुडणं हा असाच दुसरा अडथळा. सकाळी अकराचं शिबिर म्हणजे मजुराला सांगणं, की आजचा रोज सोड.

'हो'वर विसंबणं

"येते की" म्हणणं आणि येणं यात मोठं अंतर असतं. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ लेव्हेंथाल यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लशीची पत्रकं दिली. काही पत्रकं जास्त भीतिदायक होती, काही कमी. त्यानं लस घेण्यात फारसा फरक पडला नाही. पण ज्यांना दवाखान्याचा नकाशा दिला आणि कोणत्या वेळी जाणार हे ठरवायला लावलं, त्यांच्यातल्या सुमारे २८ टक्के जणांनी लस घेतली. बाकीच्यांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणून "याल ना?" विचारू नका. "कधी, कुणाबरोबर, कोणत्या गाडीनं?" असं विचारा.

घरातल्यांना वगळणं

माणूस एखादी गोष्ट करायचं कसं ठरवतो, यावरच्या मानसशास्त्रज्ञ आयझेन यांच्या सिद्धांतात आपल्या माणसांना काय वाटतं याला वेगळं वजन आहे. गर्भाशयमुखाच्या तपासणीला सून तयार असते, पण सासूबाईंशी कुणी बोललेलंच नसतं. आधी त्यांच्याशी बोला, जमलं तर त्यांचीही तपासणी करा.

सगळ्यांना एकच भाषण

मानसशास्त्रज्ञ प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी १९८३ मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांच्या अवस्था मांडल्या. विचारही नसलेला, विचारात असलेला, तयारीला लागलेला (ही अवस्था नंतर जोडली गेली), सोडलेला, टिकवून धरणारा. तंबाखू सोडायची ठरवलेल्या माणसाला पुन्हा तोटे ऐकवणं व्यर्थ, त्याला तलफ आली की काय करायचं ते हवं. घसरला तर रागावू नका. घसरणं बहुतेकांच्या वाट्याला येतं.

पुढच्या शिबिराआधी न आलेल्या दहा घरांत जा, कुणालाही काही समजावू नका, फक्त विचारा आणि लिहून घ्या. वेळ संध्याकाळची ठेवा, माणसं रानातून परतल्यावर. आणि उपकेंद्रात गोळ्यांचा साठा किती आहे ते आधी बघा. गोळीच नसेल तर रुग्ण का आला नाही हे शोधायला कुठलंही मॉडेल लागत नाही.