विमा कायद्याचं किचकट कलम सोपं कसं लिहायचं
अख्खा कायदा नका घेऊ, एकच कलम घ्या. आपल्याकडच्या विमा कायदा १९३८ चं कलम ४५ घ्या, २०१५ च्या दुरुस्तीनंतरचं. कंपनी ३ वर्षांपर्यंतच आयुर्विमा पॉलिसीवर आक्षेप घेऊ शकते असं ते सांगतं, आणि ती ३ वर्षं कधीपासून मोजायची त्याच्या चार तारखा एकाच वाक्यात कोंबल्यात, पॉलिसी दिली ती, जोखीम (म्हणजे विम्याचं संरक्षण) सुरू झाली ती, बंद पडलेली पॉलिसी परत चालू केली ती, रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) घेतला ती, आणि मग 'यापैकी जी नंतरची असेल ती', तिथे पोचेस्तोवर माणूस सुरुवातच विसरतो.

म्हणून मुद्दा आधी लिहा: "३ वर्षांनंतर कंपनी कुठल्याही कारणाने आयुर्विमा पॉलिसीवर आक्षेप घेऊ शकत नाही." तारखा खाली, एकेका ओळीत. पण 'जी नंतरची' हे उडवू नका हां, सगळा जीव त्यातच आहे. फसवणुकीचं वेगळ्या पोटकलमात टाका. 'परंतु' दिसलं की वाक्य तोडा. विमाधारक आणि पॉलिसीधारक आलटून पालटून वापरलंत तर वकिलांची चांदी.

झालं की घरात कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, पॉलिसी २०१८ ची, २०२१ ला परत चालू केली, २०२३ ला क्लेम आला, कंपनी आक्षेप घेऊ शकते का? 'हो' आलं तर ड्राफ्ट जमला, कारण नंतरची तारीख २०२१ ची आणि तिथून ३ वर्षं झालेली नाहीत.