सिझेरियननंतर या चुका टाळा

सिझेरियनचा टाका दहा-बारा दिवसांत वरून मिटलेला दिसतो. आत मात्र चरबी, स्नायूंवरचं चिवट आवरण, पोटाचा पडदा आणि गर्भाशय असे थर कापलेले असतात. पोटाचा भार पेलणारं ते आवरण बळकट व्हायला किमान सहा आठवडे लागतात, बरेचदा जास्तच. हा हिशेब डोक्यात नसला की घरात उलटा कारभार होतो. पहिल्या दिवशी बाळंतिणीला हलू देत नाहीत आणि महिना भरायच्या आत ती पाण्याच्या बादल्या उचलताना दिसते.

पहिल्या दिवशी पडून राहणं

बाळंतपणानंतर सुमारे सहा आठवडे रक्त गोठण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. त्यात पाय न हलवता पडून राहिलं की पोटरीच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून भूल उतरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की 24 तासांच्या आत खाटेवरून उतरायचं. तोवर पडल्या पडल्या घोटे वर-खाली करत राहा.

उठताना मात्र पाठीवरून सरळ उठून बसू नका. सगळा ताण टाक्यावर येतो. आधी दोन्ही गुडघे दुमडा. खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या. पाय खाटेखाली सोडा आणि खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा टेकून अंग वर ढकला. मिनिटभर तसंच बसा, मग उभं राहा. पहिल्या खेपेला चक्कर येऊ शकते, तेव्हा कोणीतरी हाताशी हवं. टाके उसवतील या भीतीनं कमरेत वाकून चालायची सवय लागते आणि मग पाठ धरते. खोकला किंवा शिंक आली तर छोटी उशी टाक्यावर दाबून धरा.

दुखण्याच्या गोळ्या "दुधातून बाळाला जातील" म्हणून टाळल्या जातात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत अंगावर पाजताना चालतात. दमा, पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आयबुप्रोफेनबद्दल आधी विचारा. कळ असह्य होईपर्यंत थांबू नका, ठरल्या वेळी गोळी घ्या. दुखत असलं की बाई चालत नाही आणि पाजायलाही नीट बसत नाही.

पाणी तोडणं, शेक, मालिश

"पाणी प्यायलं की पोट सुटतं" हे आजीपासून मालिशवाल्या बाईपर्यंत सगळे सांगतात. ऐकू नका. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी लागतं. ते कमी पडलं आणि जोडीला लोहाच्या गोळ्या असल्या की बद्धकोष्ठता ठरलेली. मग कुंथताना टाका ओढला जातो. रात्री एक-दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यातून घ्या. तरी दोन-तीन दिवस पोट साफ झालं नाही तर डॉक्टरांकडून औषध घ्या. शेपू, मेथी, अळिवाची खीर उत्तम. डिंकाचा लाडू रोज एक पुरे. पाजणाऱ्या आईला साधारण 600 कॅलरी जास्त लागतात आणि त्यातल्या बऱ्याचशा तुपातले दोन लाडूच भरून काढतात.

आयर्न आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, किमान दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबरही नको. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर अंगी लागते.

निखाऱ्यांची शेगडी जुन्या वाड्यात हवेशीर खोलीत असायची. दारं-खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. शिवाय टाक्याभोवतीची कातडी काही महिने बधिर असते, त्यामुळे चटका बसला तरी कळत नाही. पाठ, खांदे, हात यांची मालिश चालते. पोटाला सहा आठवडे हात नको. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू देऊ नका, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

पोटाचा पट्टा आधारापुरता. करकचून बांधल्यानं पोट आत जात नाही, टाका मात्र घामेजतो. झोपताना काढा.

टाक्याची निगा

डॉक्टरांनी आंघोळीला परवानगी दिली की साधं पाणी आणि सौम्य साबण पुरे. घासू नका, टिपून कोरडं करा. हळद, तूप, पावडर काहीही लावायचं नाही. पोटाची घडी टाक्यावर पडत असेल तर ती उचलून खालची जागा कोरडी करा, कारण टाका बहुधा तिथेच चिघळतो. पुण्याच्या पावसात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दमट चड्डी घालण्याऐवजी इस्त्री फिरवा. परकराची किंवा सलवारची नाडी टाक्यावर येऊ देऊ नका.

घाईनं कामाला लागणं

सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. भरलेली बादली 15 ते 20 किलो भरते. जिना कठडा धरून हळू चढता येतो, पण फेऱ्या मोजक्या ठेवा. स्कूटर मधल्या स्टँडवर चढवणं, खड्ड्यांतले धक्के आणि लक्ष्मी रोडच्या गर्दीत अचानक लागणारा ब्रेक हे सगळं पोटावर येतं. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतरच गाडी हातात घ्या. त्याच तपासणीत गर्भनिरोधकाचंही विचारा. पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात, आणि पुढचा गर्भ राहण्याआधी दीड-दोन वर्षांचं अंतर हवं.

"दुधाचा ताप" म्हणून बसू नका

100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, टाक्यातून पू, वास मारणारा स्राव, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागणं, छातीत दुखणं, आकडी (फिट) येणं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोकं फोडणारी वेदना असेल किंवा रक्तस्राव थांबतच नसेल तर 108 ला फोन करा. बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी पाठीत दिलेल्या भुलेमुळे असू शकते; त्यावर उपचार आहेत. जिथे जाल तिथे पहिल्याच वाक्यात सिझेरियनची तारीख सांगा, तुम्हाला बघणारा डॉक्टर प्रसूतितज्ज्ञ असेलच असं नाही.