पॅरिसच्या आधी बाड शांडाऊ

जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्ससाठी आले आणि दुसऱ्याच महिन्यात मी पॅरिसला जाऊन आले. शुक्रवारी संध्याकाळची बस, शनिवारी सकाळी डोळे चोळत आयफेल टॉवर, रविवारी परतीची बस, आणि सोमवारी साडेसातच्या लेक्चरला वाकडी मान घेऊन हजर. फोनमध्ये दोनशेच्या वर फोटो होते. आईने फोनवर विचारलं, "काय काय पाहिलंस गं?" तर मला दोन वाक्यांपुढे सांगता येईना. शेजारच्या काकांचं घोरणं मात्र तपशीलवार आठवत होतं.

आमच्या वसतिगृहात पुण्याचा एक सीनियर होता. तो म्हणाला, "राजधान्या काय, कधीही होतात. आधी एस-वनने शेवटपर्यंत जाऊन ये." तेव्हा मला त्याचा राग आला होता. लोकलने फिरायला का मी सातासमुद्रापार आले? पण अडीच वर्षांनंतर नव्याने आलेल्यांना मीही हेच सांगते, आणि त्यांच्याही चेहऱ्यावर तोच राग दिसतो.

एस-वन म्हणजे इथली लोकल. एका टोकाला माइसन, मध्ये ड्रेस्डेन, दुसऱ्या टोकाला चेक सीमेजवळचं श्योना, आणि त्याच्या थोडं अलीकडे बाड शांडाऊ. पिर्नाच्या पुढे गाडी एल्ब नदीला चिकटून धावते आणि दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे कडे उभे राहतात. या भागाला सॅक्सन स्वित्झर्लंड म्हणतात. खऱ्या स्वित्झर्लंडशी त्याचा संबंध नावापुरताच.

आता पैशांचं बोलू, कारण ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच भरलेले पैसे दरमहा थोडे थोडे देणारं खातं) महिन्याला ९९२ युरो हातात येतात आणि त्यातलं भाडं गेलं की खरं चित्र दिसतं. डॉइचलांड-टिकीट १ मे २०२३ला सुरू झालं तेव्हा महिन्याला ४९ युरो होतं, जानेवारी २०२५पासून ५८ झालं आणि जानेवारी २०२६पासून ६३. त्यावर देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि रीजनल गाड्या चालतात. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. बऱ्याच विद्यापीठांत त्याचंच स्वस्त विद्यार्थी तिकीट सेमिस्टरच्या वर्गणीत धरलेलं असतं, तेव्हा आधी ते तपासा. माझ्या वर्गातल्या एकाने दोन महिने दोन्ही तिकिटांचे पैसे भरले. वेगळं घेतलंच, तर ती दरमहा आपोआप पुढे जाणारी वर्गणी आहे हे लक्षात ठेवा. पुढच्या महिन्यात नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावी लागते. तिकीट फोनमध्येच असतं आणि फोन बंद पडला की तुम्ही विनातिकीट. दंड ६० युरो. पॉवर बँक मी पासपोर्टच्या शेजारी ठेवते ती यासाठीच.

आणि हो, इथेही मेगाब्लॉक असतो. तोही शनिवार-रविवारीच. "शिनेनएर्झात्सफेअरकेअर" हा लांबलचक शब्द फलकावर दिसला, की समजायचं, पुढे रूळ बंद आहेत आणि स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या बसने जायचं आहे. जर्मन भाषेचा ए-वन, म्हणजे अगदी पहिला वर्ग करायच्या आधी मला हा शब्द पाठ झाला होता.

पहिला शनिवार राटेनला घालवा. पाऊण तासाच्या आत स्टेशन येतं. समोर नदी, पलीकडे गाव, मध्ये तरीची फेरी. ही होडी इंजिनाशिवाय चालते: नदीत लांब तार बांधलेली असते, होडी प्रवाहाला तिरकी धरतात आणि पाणीच तिला पलीकडे ढकलतं. तिथे द्यायला थोडी सुटी नाणी ठेवा. पलीकडे उतरून पाऊण तास चढलं, की बास्टाय. नदीपासून १९४ मीटर उंच सुळक्यांमध्ये १८५१ साली बांधलेला दगडी पूल आहे. सकाळी सहा-साडेसहाच्या गाडीने या. दहा-अकरानंतर वरच्या वाहनतळावर बसगाड्या येतात आणि मग पुलावर सिंहगडाचा रविवार. उतरताना मात्र आल्या वाटेने येऊ नका. श्वेडनलॉखर नावाची एक अरुंद घळ आहे. सह्याद्रीत हिंडलेल्यांनी तिला सरळ 'नाळ' म्हटलं असतं. तीस वर्षांच्या युद्धात, १६३९ साली, स्वीडिश सैन्याच्या भीतीने आसपासचे लोक इथे लपले होते, त्यावरून हे नाव. सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि पावसानंतर त्या निसरड्या होतात.

मी साताऱ्याची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढले, त्यामुळे किल्ला म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचा. आपल्याकडे कातळात टाकी खोदली आणि पावसाचं पाणी साठवलं. राटेनच्या पुढच्याच स्टेशनावर क्योनिगश्टाइनचा किल्ला आहे, नदीपासून २४० मीटर उंच सपाट डोंगरावर. तिथे त्यांनी काय केलं? १५६३ ते १५६९ अशी सहा वर्षं खाणकामगारांनी कातळ फोडून १५२.५ मीटर खोल विहीर पाडली. काठावर उभं राहिलं की वरून पाणी ओततात आणि ते खाली पोचल्याचा आवाज यायला इतका वेळ लागतो, की आपण मध्येच श्वास रोखून धरलाय हे नंतर कळतं. तो किल्ला कुणी लढून कधी जिंकला नाही. प्रवेशशुल्क मात्र आम्हा विद्यार्थ्यांना जड वाटतं, म्हणून मी तो सहलीचा मुख्य खर्च धरते आणि त्या दिवशी डबा घरून नेते.

डबा हा वेगळाच विषय. रविवारी इथे दुकानं बंद असतात; पहिल्या रविवारी घरात फक्त लोणचं आणि अर्धा कांदा होता. मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात, पण दर बघून भूक मरते. म्हणून शनिवारी बाहेर पडायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळीच सामान भरायचं. पोळ्यांच्या गुंडाळ्यांत शेंगदाण्याची चटणी आणि थोडं चीज, हे मी शोधलेलं अन्न डोंगरावर उत्तम चालतं. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली भरून घ्या. प्लास्टिकची बाटली विकत घेतलीच तर तिच्यावर २५ सेंट अनामत असते, ती फेकू नका. आमच्या गटात एक मुलगा सगळ्यांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायचा. आम्ही हसायचो, आणि तो त्याच पैशांत कॉफी प्यायचा.

माझी सर्वांत चांगली सहल चुकून झाली. जायचं होतं ग्योरलित्सला. तिथून पंधरा अंश पूर्व रेखावृत्त जातं, म्हणजे ज्यावरून मध्य युरोपची घड्याळं लागतात ते. आपलं मिर्झापूरजवळून जाणारं साडेब्याऐंशीचं. मधले साडेसदुसष्ट अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणून हिवाळ्यात घरी फोन करताना साडेचार तास मोजावे लागतात. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि आई एक तास जास्त जागी सापडते. तर हे सगळं वाचून, तयारी करून, मी गाडीत बसले आणि झोपले. बिशोफ्सवेर्डा स्टेशनात गाडीचे दोन भाग झाले. पुढचा ग्योरलित्सला गेला आणि मागचा, माझ्यासकट, त्सिटाऊला. घोषणा झाली असणारच, जर्मनमध्ये. चूक माझीच, डब्यावरच्या पाटीवर ठिकाणाचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी फलाटावरची नाही, डब्यावरची पाटी वाचते.

परतीच्या गाडीला दोन तास होते. बाहेर रिपरिप पाऊस. शेवटी ऊब मिळावी म्हणून एका जुन्या चर्चमधल्या संग्रहालयात शिरले. आत अंधारात काचेमागे एक भलंमोठं कापड टांगलेलं, आठ मीटरहून उंच. १४७२ सालचं. उपवासाच्या काळात चर्चमधली वेदी झाकायला वापरायचे, आणि त्यावर जगाच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची कथा नव्वद चौकटींत रंगवलेली. मला थेट पिंगुळीची चित्रकथी आठवली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्रांतून गोष्ट सांगायची, तीच युक्ती. १९४५मध्ये सोव्हिएत सैनिकांनी त्याचे चार तुकडे करून वाफेच्या स्नानघराला आडोसा म्हणून लावले होते. नंतर स्वित्झर्लंडमध्ये ते पुन्हा जोडलं. मी तिथे दीड तास बसले. त्या रात्री आईला फोनवर चौकटी सांगत होते, तर बाबाही येऊन ऐकत बसले.

ग्योरलित्स पुढच्या महिन्यात झालं. नायस नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की पोलंड. चालत देश बदलता येतो याचं आपल्याला फार अप्रूप. पण इथे कागदपत्रांचं सांगते, कारण या बाबतीत बेफिकिरी परवडत नाही. जर्मनीचा वैध निवास परवाना आणि पासपोर्ट असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. दोन्ही मूळ कागद जवळ हवेत. फोनमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४पासून जर्मनीने सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे, आणि प्रागहून येताना माझ्या मैत्रिणीचं निवास परवान्याचं कार्ड खोलीवर राहिल्यामुळे आम्हा चौघींना फलाटावर तासभर थंडीत उभं राहावं लागलं. परवान्याची मुदत संपत आली असेल आणि हातात नुसता तात्पुरता कागद असेल, तर सीमा ओलांडण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारा. इंग्लंड आणि आयर्लंडला वेगळा व्हिसा लागतो, हे अनेकांना विमानाचं तिकीट काढल्यावर कळतं.

एकटीने फिरावं का, असं मुली हमखास विचारतात. मी फिरते. पण हिवाळ्यात डोंगरात एकटी जात नाही, कारण डिसेंबरात चारलाच अंधार पडतो आणि जंगलात फोनला रेंज नसते. छोट्या स्टेशनांवर रात्री चिटपाखरू नसतं, म्हणून शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी ही माझी शेवटची गाडी. गटाने जायचं तर चार जण पुरे. आठ जण झाले की दिवस एकमेकांची वाट बघण्यात जातो आणि 'जेवायचं कुठे' यावर दोन पक्ष पडतात.

शनिवार-रविवारी कामही असतं बऱ्याच जणांना. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, आणि नवीन आलेले पहिल्या उत्साहात सगळेच शनिवार विकून टाकतात. मी महिन्यातले दोन ठेवले. पैसे कमी पडले, एक सेमिस्टर नवीन बूट न घेता काढलं.

फेब्रुवारीत परीक्षा असतात तेव्हा मी कुठेच जात नाही, फक्त बाड शांडाऊ. नोट्स घेऊन गाडीत बसायचं, पाऊण तास वाचायचं, उतरून नदी ओलांडायची. गावातून १८९८पासून चालणारी पिवळी ट्राम किर्निच नदीच्या दरीत जाते, तिने शेवटपर्यंत जायचं, तासभर चालायचं, परत यायचं. जाताना गाडीत डावीकडे बसा आणि येताना उजवीकडे. नदी त्या बाजूला असते.